सिनेटमधली नेमणूक कशी वाचायची: अ‍ॅटर्नी जनरल, एफबीआय संचालक आणि मधले सगळे टप्पे

अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांनी एफबीआय या तिथल्या केंद्रीय तपास यंत्रणेच्या प्रमुखपदासाठी नवं नाव घेतलं की दुसऱ्या दिवशी आपल्याकडे बातमी येते, ‘अमुक यांची नियुक्ती’. नियुक्ती झालेली नसते. तिथल्या राज्यघटनेचं दुसरं कलम सांगतं की वरिष्ठ अधिकारी राष्ट्राध्यक्षांनी सुचवायचे आणि सिनेटच्या, म्हणजे तिथल्या संसदेच्या वरच्या सभागृहाच्या, ‘सल्ल्याने आणि संमतीने’ नेमायचे. या दोन क्रियापदांमध्ये कधी तीन आठवडे जातात, कधी सहा महिने, आणि कधी नाव वाटेतच गळतं. अशी नेमणूक घरबसल्या नीट पाहायची असेल, तर मी ज्या क्रमाने जातो तो असा.

१. आधी पद कोणतं ते बघा

तिथला अ‍ॅटर्नी जनरल आपल्या महान्यायवादीसारखा फक्त सरकारचा वकील नसतो. तो न्याय खात्याचा प्रमुख, म्हणजे मंत्रिमंडळातला माणूस. त्याच्याखालचे उपप्रमुख, सर्वोच्च न्यायालयात सरकारची बाजू मांडणारा सॉलिसिटर जनरल, एफबीआयचा संचालक, अमली पदार्थविरोधी यंत्रणेचा प्रमुख, ९३ जिल्हा सरकारी वकील आणि ९४ मार्शल (संघीय न्यायालयांचे सुरक्षा अधिकारी), या सगळ्यांना सिनेटची मंजुरी लागते.

एफबीआयचं हे जोखड नंतरचं. जे. एडगर हूवर १९२४ ते १९७२ असा ४८ वर्षं त्या खुर्चीत बसला आणि त्याला सिनेटने कधी विचारलंच नाही. १९६८च्या कायद्याने पुढच्या संचालकांना मंजुरी सक्तीची झाली आणि १९७६ मध्ये १० वर्षांची मुदत आली.

२. नाव खरंच सिनेटकडे पोचलंय का, ते तपासा

घोषणा म्हणजे नामनिर्देशन नव्हे. नाव रीतसर आलं की त्याला ‘पीएन’ने सुरू होणारा क्रमांक पडतो आणि काँग्रेस डॉट गव्ह या सरकारी संकेतस्थळावर त्याचं स्वतंत्र पान तयार होतं. पुढची प्रत्येक हालचाल तारखेसह त्याच पानावर चढते. मॅट गेट्झ यांचं नाव अ‍ॅटर्नी जनरलपदासाठी १३ नोव्हेंबर २०२४ रोजी जाहीर झालं आणि २१ तारखेला त्यांनी माघार घेतली. सिनेटकडे कागद गेलाच नव्हता.

३. सुनावणीआधी प्रश्नावली वाचा

कंटाळवाणं काम आहे, पण खरा माल इथे असतो. सिनेटची न्यायविषयक समिती उमेदवाराकडून लांबलचक प्रश्नावली भरून घेते: आजवरच्या नोकऱ्या, भाषणं, लेख, लढवलेले खटले. आर्थिक हितसंबंधांचं विवरणपत्र वेगळं असतं. हे दोन्ही सहसा लोकांना पाहता येतात. एफबीआयने केलेल्या पार्श्वभूमी तपासाची फाईल मात्र समितीच्या सदस्यांपुढेच उघडते, त्यामुळे तिच्याबद्दल कोणी छातीठोक सांगू लागलं तर जरा सावध राहा.

घरगुती बाबही नाव पाडू शकते. १९९३ मध्ये झोई बेअर्ड यांना अ‍ॅटर्नी जनरल व्हायचं होतं. त्यांनी घरकामाला ठेवलेल्या माणसांकडे कामाचा परवाना नव्हता आणि त्यांचा सामाजिक सुरक्षा करही भरलेला नव्हता. जानेवारीतच त्यांना नाव मागे घ्यावं लागलं. मार्चमध्ये जॅनेट रेनो ९८ विरुद्ध ० मतांनी आल्या.

४. सुनावणीत आरडाओरडा सोडा, शब्द टिपा

टीव्हीवर तापलेली दोन-तीन मिनिटं फिरत राहतात. प्रत्यक्षात प्रत्येक सदस्याला ठरावीक मिनिटं मिळतात आणि त्यातली निम्मी त्याच्या स्वतःच्या भाषणात जातात. मी वही घेऊन बसतो आणि दोनच रकाने आखतो. एकात ‘मी करीन’ किंवा ‘मी करणार नाही’ अशी सरळ उत्तरं. दुसऱ्यात ‘कायद्यानुसार पाहीन’, ‘या काल्पनिक प्रश्नावर बोलणार नाही’ अशा पळवाटा. दुसरा रकाना नेहमी आधी भरतो.

पहिल्या रकान्याची किंमत कळायला १९७३ साल पाहावं. त्या वर्षी एफबीआयचे प्रभारी संचालक पॅट्रिक ग्रे समितीसमोर बसले आणि वॉटरगेट (राष्ट्राध्यक्ष निक्सन यांच्या माणसांनी विरोधी पक्षाच्या कार्यालयात केलेली घुसखोरी) तपासाच्या फायली आपण व्हाइट हाउसच्या वकिलाला दिल्याचं सांगून मोकळे झाले. एप्रिलमध्ये त्यांचं नाव मागे गेलं. मे महिन्यात त्याच समितीपुढे अ‍ॅटर्नी जनरलपदासाठी एलियट रिचर्डसन आले. समितीने त्यांच्याकडून शब्द घेतला: वॉटरगेटसाठी स्वतंत्र अभियोक्ता नेमायचा आणि गंभीर गैरवर्तनाशिवाय त्याला हात लावायचा नाही. २० ऑक्टोबरच्या शनिवारी निक्सन यांनी त्या अभियोक्त्याला, आर्चिबाल्ड कॉक्स यांना, काढायला सांगितलं. रिचर्डसन यांनी नकार देऊन राजीनामा दिला. त्यांचे उपप्रमुख विल्यम रकल्सहाउस यांनीही आदेश मानला नाही. शेवटी आदेश पाळला तो सॉलिसिटर जनरल रॉबर्ट बोर्क यांनी.

५. समितीच्या पहिल्या तारखेवर विसंबू नका

सुनावणी संपली की सदस्य लेखी प्रश्न पाठवतात, कधी शेकड्यांनी. त्यांची उत्तरं सुनावणीपेक्षा जास्त बोलकी असतात, कारण ती वकिलांच्या नजरेखालून गेलेली असतात आणि तरीही काहीतरी निसटतं.

मग नाव समितीच्या बैठकीच्या विषयपत्रिकेवर येतं. कोणताही सदस्य ते एक आठवडा पुढे ढकलू शकतो आणि जवळजवळ नेहमीच कोणीतरी ढकलतो. म्हणून पहिली तारीख पाहून ‘आज मतदान’ असं कोणाला सांगू नका, तोंडघशी पडाल. समितीत बरोबरी झाली म्हणून नाव मरतंच असंही नाही. २०२१ मध्ये सहयोगी अ‍ॅटर्नी जनरलपदाच्या उमेदवार वनिता गुप्ता यांना समितीत ११-११ मतं पडली. नाव ठरावाने थेट सभागृहात आणलं गेलं आणि ५१-४९ ने मंजूर झालं.

जिल्हा सरकारी वकील आणि मार्शल यांच्यासाठी आणखी एक गाळणी आहे, ‘ब्लू स्लिप’. ज्या राज्यातलं पद, तिथल्या दोन सिनेटरांना निळी चिठ्ठी जाते. ती परत आली नाही तर नाव अडतं. हा नियम नाही, रूढी आहे. पण तिची धार नियमासारखीच.

६. सभागृहात आकडे मोजा

सिनेट १०० जणांची. २०१३ च्या नोव्हेंबरपर्यंत चर्चा थांबवायलाच ६० मतं लागायची. तेव्हापासून साधं बहुमत पुरतं. मंत्रिमंडळ पातळीच्या नावावर त्यानंतरही ३० तासांपर्यंत चर्चा होऊ शकते, खालच्या बहुतेक पदांना २०१९ पासून दोनच तास. त्यामुळे सत्ताधारी पक्षाकडे ५३ जागा असल्या की हिशेब सोपा: आपले किती फुटले, पलीकडचे किती आले? फेब्रुवारी २०२५ मध्ये अ‍ॅटर्नी जनरलपदासाठी पॅम बाँडी ५४-४६ ने आल्या, म्हणजे समोरचा एक मिळाला. एफबीआय संचालकपदासाठी काश पटेल ५१-४९ ने आले, म्हणजे घरचे दोन गेले. त्याआधी २०१७ मध्ये एफबीआयसाठीच क्रिस्टोफर रे यांना ९२-५ अशी मतं होती.

वेळ लागला तर दोष उमेदवाराचाच असतो असं धरू नका. अ‍ॅटर्नी जनरलपदासाठी लोरेटा लिंच यांचं नाव २०१४ च्या नोव्हेंबरात आलं आणि मंजुरी मिळाली २३ एप्रिल २०१५ ला. त्यांचं नाव अडकलं होतं मानवी तस्करीच्या एका विधेयकावरच्या भांडणात, ज्याच्याशी त्यांचा काही संबंध नव्हता.

बरोबरी झाली तर उपराष्ट्राध्यक्षाचं मत निर्णायक. १९२५ मध्ये अ‍ॅटर्नी जनरलपदासाठी चार्ल्स वॉरन यांच्या नावावर ४०-४० झाली, तेव्हा उपराष्ट्राध्यक्ष चार्ल्स डॉज विलार्ड हॉटेलात दुपारची झोप काढत होते. आज मतदान होणार नाही, असं त्यांना सांगितलं गेलं होतं. निरोप मिळाल्यावर ते टॅक्सीने धावत आले, तोवर एका सिनेटरने आपलं मत फिरवलं होतं आणि वॉरन ३९-४१ ने पडले.

७. ‘अ‍ॅक्टिंग’ दिसलं की तारीख मांडा

मंजुरी मिळेना म्हणून खुर्ची रिकामी राहत नाही. तिथे प्रभारी माणूस बसतो. १९९८ च्या कायद्याने त्याला साधारणपणे २१० दिवस दिलेत. नव्या सरकारच्या सुरुवातीला ही मुदत जास्त असते, आणि नाव सिनेटपुढे पडून असेल तोवर प्रभारी बसून राहू शकतो. जिल्हा सरकारी वकिलांचा हिशेब वेगळा: अ‍ॅटर्नी जनरलने हंगामी नेमलेला वकील १२० दिवस, त्यानंतर जिल्हा न्यायालय कोणालाही नेमू शकतं.

बातमीत पदाच्या आधी ‘प्रभारी’ किंवा ‘हंगामी’ शब्द असेल, तर पीएनचं पान उघडा. पान सापडलं नाही तर पद रिकामं झाल्याची तारीख शोधा, कॅलेंडरवर लिहा आणि तिथून दिवस मोजायला लागा.