भाड्याच्या घरात शेअरिंगचं वायफाय सारखं अडकतंय? मालकाकडे जायच्या आधी हे तपासा

सोलापुरात भाड्यानं राहणाऱ्यांचं नेट साधारण असंच असतंय. खाली मालक, राउटर त्यांच्या हॉलमध्ये टीव्हीच्या मागे, वर दोन-तीन खोल्या भाड्यानं दिलेल्या आणि प्रत्येकाकडनं महिन्याला थोडे थोडे पैसे घेऊन पासवर्ड दिलेला. जुळे सोलापूर घ्या, विजापूर रोड घ्या, होटगी रोड घ्या, पोरांच्या रूमवर सगळीकडे हेच. चालतं तेव्हा झकास चालतं आणि बरोबर ऑनलाइन इंटरव्ह्यूच्या वेळी नाहीतर फॉर्म भरायच्या शेवटच्या रात्री गोल गोल फिरायला लागतं. मग वरचा म्हणतो मालकाचा राउटर भंगार आहे, मालक म्हणतात तुम्ही पोरं रात्रभर पिक्चर डाउनलोड करता, आणि नेटवाला म्हणतो आमच्याकडनं लाईन ओके आहे. तिघंही खरं बोलत असतील, कारण बिघाड तीन ठिकाणी असू शकतो. बाहेरनं घरात येणारी लाईन, राउटरपासून तुमच्या मोबाईलपर्यंतचा सिग्नल, नाहीतर एकाच लाईनवर बसलेली जास्तीची माणसं. यातलं नेमकं कुठलं ते कळेपर्यंत राउटर बदलू नका, प्लॅन वाढवू नका आणि मालकाशी तर अजिबात भांडू नका.

हे शोधायला पैसे लागत नाहीत, एक लॅन केबल आणि लॅपटॉप पुरतो. सकाळी लवकर, घर झोपलेलं असताना, मालककाकांना विचारून खाली जा, केबलनं लॅपटॉप थेट राउटरला जोडा, लॅपटॉपचं वायफाय बंद करा आणि स्पीड टेस्ट करा. आता केबलवर प्लॅनइतका स्पीड मिळतोय पण वर खोलीत मिळत नाही तर दोष सिग्नलचा. केबलवरसुद्धा आणि बाकी कोणी वापरत नसतानाही रडतंय तर दोष लाईनचा किंवा राउटरचाच. सकाळी केबलवर छान आणि रात्री नऊ-दहाला त्याच केबलवर बेकार असेल तर घरातली गर्दी किंवा नेटवाल्याकडची गर्दी, आणि रात्री पाच मिनिटं सगळ्यांना वायफाय बंद करायला लावलं की ती दोन्ही वेगळी करता येतात. नवीन बारक्या लॅपटॉपना लॅनचं पोर्टच नसतं, तर मग राउटरपासून दोन-तीन हातांवर उभं राहून ५ गिगाहर्ट्झवर (राउटरच्या दोन वायफायपैकी वेगवान ते) टेस्ट करा, अंदाज तरी येतो. आणि हो, प्लॅन ४० एमबीपीएसचा असेल तर फाईल डाउनलोड होताना सेकंदाला ५ एमबीच दिसणार, कारण प्लॅन बिटमध्ये मोजतात, फाईल बाईटमध्ये, आणि आठ बिटचा एक बाईट. यावरनं नेटवाल्याला शिव्या देणारी लई पोरं असतात.

स्पीड टेस्टपेक्षा मला पिंग (समोरच्या मशीनला हाक मारून उत्तर यायला किती वेळ लागतो ते मोजणं) जास्त कामाचं वाटतं, कारण शेअरिंगच्या नेटचं दुखणं बहुतेक वेळा स्पीड कमी हे नसतं, मध्ये मध्ये तुटणं हे असतं. वर आपल्या खोलीत बसून विंडोजमध्ये कमांड प्रॉम्प्टच्या दोन खिडक्या उघडा. एकीत राउटरच्या पत्त्याला सतत पिंग लावा (१९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असं काहीतरी असतं, इंग्रजी आकड्यात टाकायचं, नक्की पत्ता मोबाईलच्या वायफाय सेटिंगमध्ये गेटवे म्हणून दिसतो), दुसरीत ८.८.८.८ ला (हा बाहेरचा, गूगलचा सर्व्हर). नेट अडकलं की दोन्हीकडे बघा. राउटरचंच पिंग दोन-पाच मिलिसेकंदावरनं तीनशे-चारशेवर उडतंय किंवा टाइम आउट येतंय, तर तुमच्या खोलीपासून राउटरपर्यंतच गडबड आहे आणि नेटवाल्याला फोन करून काही उपयोग नाही. राउटरचं शांत चाललंय आणि ८.८.८.८ तुटतंय, तर वायफाय बरोबर आहे, पुढं लाईनीत किंवा गर्दीत घोळ आहे. याचा स्क्रीनशॉट वेळेसकट ठेवा, पुढं बोलताना लई कामाला येतो.

लाईनचं पाहू. फायबर असेल तर डब्यावर (राउटरवर नाहीतर त्याच्या शेजारच्या मोडेमवर) पॉन आणि लॉस अशी नावं असलेले दोन दिवे असतात. पॉन स्थिर हिरवा पाहिजे. लॉस लाल झाला म्हणजे डब्यापर्यंत उजेडच पोचत नाही, राउटर कितीही वेळा बंद-चालू करा काही होणार नाही. पण बाहेर खांबावर वायर तुटली असं धरून चालायच्या आधी घरातली ती बारीक पिवळी नाहीतर पांढरी वायर बघा, साफसफाईत शोकेस सरकवलं आणि वायर मागे दाबली गेली, किंवा उरलेली वायर घट्ट गुंडाळून खिळ्याला अडकवली, एवढ्यानंही सिग्नल मरतो. फायबरला काटकोनात वळण चालत नाही, चांगला मोठा गोल पाहिजे. टोक उघडून आत डोळा लावू नका, त्यातला लेझर दिसत नाही पण असतो. डब्याच्या सेटिंगमध्ये स्टेटस पानावर आरएक्स पॉवर म्हणून आकडा असतो (आत येणाऱ्या उजेडाची ताकद), तो उणे १५ ते उणे २५ च्या आसपास असेल तर ठीक, उणे २७ च्या पलीकडे गेला की लाईन तुटतुट करणार, आणि हा आकडा सांगितला की नेटवाला पण जरा नीट बोलतो.

भाडेकरूची अडचण ही की कनेक्शन मालकाच्या नावावर, त्यामुळे तक्रार त्यांच्या नंबरवरनंच द्यावी लागते. मग काकांच्या शेजारी बसून त्यांच्या फोनवरनं द्या आणि डॉकेट नंबर (तक्रारीचा नंबर) घ्या, नुसतं लाईनमनला व्हॉट्सअ‍ॅप केलं ते धरू नका. ट्रायच्या (दूरसंचार नियामकाच्या) २०१२ च्या नियमांप्रमाणे तक्रार सुटली नाही तर त्याच कंपनीच्या अपिलेट अथॉरिटीकडे ३० दिवसांत अपील करता येतं आणि तिथं हा डॉकेट नंबरच विचारतात. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईन १९१५ पण आहे.

आता सोलापूरचे दोन खास त्रास, लाईट आणि ऊन. लाईट नुसती एक सेकंद मिचकली तरी राउटर बंद पडून परत उभा राहायला दोन-तीन मिनिटं जातात, आणि वर खोलीत इन्व्हर्टरवर पंखा चालू असल्यामुळे आपल्याला लाईट गेल्याचं कळतच नाही, आपण म्हणतो नेट गेलं. स्टेटस पानावर अपटाइम (डबा सलग किती वेळ चालू आहे ते) बघा. कोणी बंद केला नाही तरी अपटाइम दीड तासच दाखवतोय म्हणजे डबा मधेच रिस्टार्ट होतोय. कारण लाईट असेल, मेलेला अ‍ॅडॉप्टर असेल नाहीतर गरमी. अ‍ॅडॉप्टर बदलताना व्होल्ट तेवढेच पाहिजेत, अँपिअर तेवढे किंवा जास्त चालतात. राउटरचा छोटा यूपीएस मिळतो, तो घेताना पण डब्याचे व्होल्ट बघून घ्या, बहुतेक १२ व्होल्ट असतात. तरी लाईट गेल्यावर राउटर चालू आणि नेट नाही असं झालं तर समजा की नेटवाल्याच्या मशीनला बॅकअप नाही, तिथं आपलं काही चालत नाही.

गरमीचं लोक मनावर घेत नाहीत. बऱ्याच घरगुती राउटरना कंपनीनंच ४० अंशापर्यंतच चालेल असं लिहिलेलं असतं आणि आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये बाहेरच ४२-४३ होतंय, गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत तर विचारूच नका. त्यात राउटर सेट-टॉप बॉक्सवर ठेवलेला, वरनं मावशींनी क्रोशाचा रुमाल घातलेला. दुपारी तुटतं आणि रात्री बरोबर चालतं असं असेल तर आधी रुमाल काढा, डबा मोकळ्यावर भिंतीला टांगा. अजून एक, काही मालक रात्री लाईटबिल वाचवायला राउटरचं बटणच बंद करतात. दहा वॅटचा डबा महिनाभर चोवीस तास चालला तर सात-सव्वासात युनिट होतात. हा हिशोब नम्रपणे सांगा आणि तेवढे पैसे आपण देतो म्हणा, विषय संपतो.

सिग्नलचा दोष असेल, आणि वरच्या मजल्यावर बहुतेक तोच असतो, तर जागा बदलण्याइतका दुसरा इलाज नाही. टीव्हीमागे, लोखंडी कपाटाशेजारी, जमिनीलगत ठेवलेला राउटर वर काय देणार. स्लॅबमध्ये सळ्या असतात, पेठांमधल्या जुन्या घरांत दगडी जाड भिंती असतात, दोन्ही सिग्नल खातात. राउटर जिन्याच्या तोंडाशी, उंचावर आणता आला तर बघा, जिन्याच्या मोकळ्या जागेतनं सिग्नल वर चढतो. दांड्या असलेला राउटर असेल तर एक दांडी उभी आणि एक आडवी करा, कारण उभी दांडी आजूबाजूला पसरवते, डोक्यावर कमी. २.४ गिगाहर्ट्झ भिंतीतनं जास्त लांब जातं पण शेजारच्या सगळ्यांचे राउटर तिथंच गर्दी करून असतात, तर चॅनेल १, ६ किंवा ११ पैकी मोकळा असेल तो आणि विड्थ (चॅनेलची रुंदी) २० मेगाहर्ट्झ ठेवा, मोकळा कुठला ते मोबाईलवरच्या वायफाय अ‍ॅनालायझर अ‍ॅपमध्ये दिसतं. ५ गिगाहर्ट्झ वेगवान आहे पण एका स्लॅबमध्येच दमतं. दोन्हीला एकच नाव असेल तर फोन मधल्या मधे उड्या मारत बसतो, म्हणून मालकांना सांगून नावं वेगळी करून घ्या.

जागा हलवायला मालक तयार नसतील तर लोक लगेच स्वस्तातला रिपीटर आणतात. नका आणू बे. साधा एका बँडचा रिपीटर त्याच हवेतनं घेतो आणि त्याच हवेत देतो, स्पीड निम्म्यावर येतो, आणि आधीच कमजोर सिग्नल मिळतो तिथं लावला तर तोच कमजोर सिग्नल पुढं वाटतो. त्यापेक्षा खालच्या राउटरच्या लॅन पोर्टातनं एक कॅट ६ केबल जिन्यावरनं किंवा खिडकीतनं वर आणा, १०० मीटरपर्यंत चालते, भिंतीला भोक पाडायचं नाही, क्लिपा मारल्या की झालं, उन्हातनं जाणार असेल तर बाहेरची काळी केबल घ्या. वर कुठलाही जुना राउटर अ‍ॅक्सेस पॉइंट म्हणून, म्हणजे नुसतं वायफाय द्यायला, लावा. त्याला आधी खालच्या राउटरपेक्षा वेगळा पत्ता द्या, डीएचसीपी (डिवाइसना आपोआप पत्ते वाटायची सेटिंग) बंद करा, आणि केबल वॅनमध्ये (बाहेरच्या लाईनच्या पोर्टात) न घालता लॅन पोर्टात घाला. डीएचसीपी बंद करायला विसरलात तर दोन राउटर अ‍ॅड्रेस वाटायला लागतात आणि खाली मालकांचंच नेट जातं, मग काय होतं ते सांगायला नको. हा सगळा सामान तुमचा, रूम सोडताना गुंडाळून न्यायचा.

शेवटी माणसं. नळाला पाणी आलं की सगळे एकदम मोटर लावतात आणि शेवटच्या घरात नुसती हवा येते, रात्री नऊनंतर नेटचं तेच. राउटरच्या यादीत किती डिवाइस आहेत ते मालकांसोबत बघा. गड्ड्याच्या यात्रेला आलेल्या पाहुण्यांना, मग शेजाऱ्यांना, मग त्यांच्या पोरांना क्यूआर दाखवत पासवर्ड कुठल्या कुठं गेलेला असतो. तो बदला, डब्ल्यूपीएस (बटण दाबून पासवर्डशिवाय जोडायची सोय) बंद करा. यादी बघताना एक ध्यानात ठेवा, आजकालचे फोन खोटा मॅक पत्ता (डिवाइसची ओळख सांगणारा नंबर) देतात, त्यामुळे एकच फोन दोन-तीनदा दिसू शकतो, लगेच कोणावर चोरीचा आळ घेऊ नका.

आणि डाउनलोडपेक्षा अपलोडकडे बघा. कोणाच्या तरी फोनचा फोटो बॅकअप नाहीतर मालकांचा क्लाउडवर जाणारा सीसीटीव्ही अपलोड भरून टाकतो, आणि अपलोड भरलं की सगळ्यांचंच पेज उघडायला वेळ लागतो, डाउनलोडला जागा रिकामी असली तरी. बॅकअप रात्री दोननंतर लावा. राउटरमध्ये क्यूओएस किंवा बँडविड्थ कंट्रोल (कोणाला किती नेट द्यायचं ते ठरवायची सेटिंग) असेल तर प्रत्येकाला मर्यादा घाला, मालकांनाही, नाहीतर वाद होतात. महिन्याच्या शेवटीच स्लो होतंय तर डेटा संपत असेल, बऱ्याच अनलिमिटेड प्लॅनला पण महिन्याला ३३०० जीबीची मर्यादा असते आणि छोट्या प्लॅनला त्याहून कमी, मालकांच्या अ‍ॅपमध्ये दिसतं.

एवढं करून पण नेट रोजच्या कामाला पुरत नसेल आणि तुमचं घरनं काम असेल तर वेगळं कनेक्शन घ्या, पण आधी मालकांना विचारून, वायर कुठनं येणार ते दाखवून. सहा महिन्यांचा प्लॅन स्वस्त पडतो म्हणून भरू नका, रूम सुटली की अडकतो, महिन्याचा घ्या आणि डब्याचं डिपॉझिट परत कसं मिळणार ते पावतीवर लिहून घ्या. नवीन रूम बघायला जाल तेव्हा दुपारी न जाता रात्री नऊला जा, मालकांचा पासवर्ड मागा, दार लावून खोलीत बसा आणि पिंग लावून बघा, त्याच वेळी मोबाईलला रेंज किती येते ते पण.