ओव्हनशिवाय कयाकचं पोस्ट-क्युअर

इपॉक्सी रेझिन आणि काचतंतूंचा माझा कयाक (वल्ह्याची अरुंद होडी) सावलीत टणक लागायचा, पण मे महिन्याच्या उन्हात डेकवर, म्हणजे वरच्या भागावर, अंगठा दाबला की जरासा दबायचा. खोलीच्या तापमानाला सेट झालेलं इपॉक्सी बहुधा 50-60 अंशांच्या आसपास ढिलं पडू लागतं, आणि गडद पृष्ठभाग उन्हात त्याहून जास्त तापतो. फायबरचे ग्लायडर पांढरे ठेवतात ते याचसाठी. घट्ट झालेल्या रेझिनला नंतर नीट शेक दिला, म्हणजेच पोस्ट-क्युअर केलं, की ही मर्यादा वर सरकते.

लाकडी चौकटीला फॉइलचे पीआयआर (उष्णता अडवणारा कडक फोम) फोमबोर्ड लावून लांबट पेटी केली. थर्माकोल नको, हीटरच्या झोतात तो आकसतो. फॅन हीटर पेटीत ठेवला तर गरम हवा ओढून स्वतःच कट-ऑफ होतो, म्हणून तो बाहेर ठेवून पत्र्याच्या पाइपने हवा तळाशी सोडली, दुसऱ्या टोकाला छोटी फट. तरीही डेक तापलेला आणि तळ गार! आत छोटा लोखंडी पंखा फिरवला तेव्हा कुठे थर्मोकपलचे (तापमान मोजणाऱ्या तारांचे) आकडे एकमेकांच्या जवळ आले.

आधाराकडे सगळ्यात जास्त लक्ष द्या. तापताना भाग आधी मऊ पडतो आणि दोन स्टँडवर असेल तर तसाच वाकून राहतो. मी हल (होडीचा खालचा भाग) साच्यातच ठेवला. तासाला 10 अंश चढवत 60 वर आठ तास, मग पेटी न उघडता गार. तुमच्या रेझिनची डेटाशीट सांगेल तेच आकडे धरा. 2000 वॅटचा हीटर 16 अँपिअरच्या सॉकेटवरच लावा आणि तो चालू असताना तिथून हलू नका.

आता भर दुपारीही डेक दबत नाही.