पॅडल लीगची तयारी, आणि त्या राखीव तारखा

गेल्या वर्षी गणपती झाल्यावर आम्ही पुण्यात आठ जोड्यांची हौशी पॅडल लीग भरवली, आणि ती पूर्ण झाली नाही. पॅडल म्हणजे काचेच्या भिंती आणि जाळीचं कुंपण असलेल्या कोर्टावर दोघा-दोघांनी खेळायचा टेनिससारखा खेळ. साखळीतले अकरा सामने राहिले ते राहिलेच. उपांत्य फेरीत कोण जाणार हे अर्धवट गुणतक्त्यावरून ठरवावं लागलं. दर आठवड्याला पिंपरीहून संध्याकाळच्या गर्दीतून येणाऱ्या एका जोडीला चारच सामने मिळाले. त्यातले तीन जिंकूनही ते दोघे एका गुणाने बाहेर राहिले, कारण त्यांच्या वर राहिलेल्या जोडीचे पाच झाले होते. त्यांचा पाचवा सामना समोरच्या जोडीने पुढे ढकलायला सांगितला होता आणि पुढे तारीखच नव्हती. ते मला काही बोलले नाहीत, पण मला अजून वाईट वाटतं. चूक माझी होती. मी एकही राखीव तारीख धरली नव्हती. यंदा पुन्हा भरवते आहे, म्हणून ही यादी.

आधी हिशेब. आठ जोड्या, प्रत्येकीचा प्रत्येकीशी एक सामना, म्हणजे २८ सामने. दोन कोर्टं, संध्याकाळी सात ते दहा, सामन्याला दीड तास धरला की एका दिवसात चार सामने होतात आणि सगळ्या जोड्या एकेकदा खेळतात. सात आठवड्यांत साखळी संपते, आठव्यात उपांत्य आणि अंतिम. कागदावर हे इतकं चपखल बसतं की आठ तारखा बुक करून मोकळं व्हावंसं वाटतं. मी तेच केलं. तुम्ही अकरा करा. एक राखीव तारीख तिसऱ्या आठवड्यानंतर, एक पाचव्यानंतर, एक उपांत्य फेरीच्या आधी. तिन्ही शेवटाला ढकलू नका. तोवर सामने इतके साठतात की कुठल्या जोडीचे किती राहिले हे सांगतानाच भांडण होतं.

पैसे वाढतील म्हणून हात आखडत असेल तर नीट आकडे मांडा. आठ संध्याकाळचे मिळून ४८ कोर्ट-तास होतात, सोळा खेळाडूंत माणशी तीन तासांचं भाडं. तीन राखीव संध्याकाळचे आणखी १८ तास, म्हणजे माणशी तासाभराहून थोडी जास्त भर. एवढ्याने लीग पूर्ण होते. ही भर सुरुवातीच्या फीमध्येच धरा आणि पहिला सामना व्हायच्या आत घ्या, नंतर मागत फिरणं फार जड जातं. कोर्टवाल्यांशी आधीच बोला: राखीव तारीख लागणार नसेल आणि चार दिवस आधी कळवलं, तर पैसे पुढच्या भाड्यात वळते करणार का? हो म्हणाले तर लिहून घ्या. नाही म्हणाले तरी तारीख सोडू नका. रिकामी राहिली तर त्या संध्याकाळी अमेरिकानो खेळा. दर फेरीला जोडीदार बदलतो, गुण ज्याचे त्याचे, आणि लीगमधले सगळे एकमेकांशी ओळख होईपर्यंत खेळतात. पैसे वाया जात नाहीत.

‘गरज पडली तर तेव्हा बघू’ हे वाक्य कुणी काढलं तर तिथेच थांबवा. तेव्हा कोर्ट मिळत नाही. मंगळवारी दुपारी दोनची वेळ मिळते, आणि नोकरी करणारे चार लोक मंगळवारी दुपारी दोनला कुठून येणार?

आम्हाला परतीच्या पावसाने मारलं. चारला लख्ख ऊन, सहाला ढगांचा गडगडाट, सातला कोर्टावर पाणी. दोन संध्याकाळी अशा गेल्या, म्हणजे आठ सामने. उघड्या कोर्टावर पाऊस थांबला म्हणून लगेच खेळता येत नाही हेही लक्षात घ्या. ओल्या काचेवरून चेंडू नेहमीसारखा बाहेर येत नाही, घसरून खालीच बसतो, आणि गवताच्या गालिच्यावरची वाळू भिजली की पाय कुठे सरकेल सांगता येत नाही. वायपर आणि जुने टॉवेल कोर्टावरच ठेवा. खेळायचं की नाही हे एकाच माणसाने ठरवायचं, शेवटचा निरोप साडेपाचला. अर्धवट राहिलेला सामना थांबला त्याच गुणसंख्येपासून पुढे, आणि तो फक्त राखीव तारखेला.

यंदा आम्ही दिवाळीनंतर सुरू करतोय, पाऊस टळावा म्हणून. लगेच दोघांनी विचारलं, मग राखीव तारखा कशाला? कारण तुळशीचं लग्न लागलं की लग्नसराई सुरू होते. कारण अवकाळी पाऊस विचारून येत नाही. कारण एखाद्या संध्याकाळी दिवे जातात. कारण कुणाचा तरी घोटा मुरगळतोच. राखीव तारखा दिवाळीनंतरही लागतात.

गेल्या वर्षीच्या अकरांपैकी उरलेले तीन सामने खेळाडूंनीच पुढे ढकललेले होते आणि मी ‘आपसात ठरवून घ्या’ म्हणाले होते. असं कधीही म्हणू नका. चार लोकांच्या चार नोकऱ्या, मुलांच्या परीक्षा, त्यातून एक वेळ निघत नाही. नुसते मेसेज फिरत राहतात. यंदाचा नियम असा: प्रत्येक जोडीला संपूर्ण लीगमध्ये एकदाच सामना पुढे ढकलता येईल, ४८ तास आधी सांगून, आणि तो पुढच्या राखीव तारखेलाच होईल. त्या दिवशीही जमलं नाही तर समोरच्यांना ६-०, ६-०. कठोर वाटतं, पण वेळेवर येणाऱ्यांशी न्यायाने वागायचं तर दुसरा मार्ग मला दिसत नाही. प्रत्येक जोडीने एक बदली खेळाडू नावानिशी द्यायचा, आणि तो दुसऱ्या कुठल्याही जोडीत नसावा.

खेळाचे नियम एका पानावर मराठीत छापून कोर्टाच्या दाराशी लावा. पंच नसतो, म्हणून वादाचे मुद्दे आधीच मिटवायचे. सर्व्हिस टप्पा पाडून, कमरेच्या उंचीवर किंवा खालून. सर्व्हिसचा चेंडू पलीकडे टप्पा पडून काचेला लागला तर चालू, जाळीच्या कुंपणाला लागला तर फॉल्ट. हा एक मुद्दा बॅडमिंटनमधून आलेल्यांना हमखास अडतो, त्यांना प्रत्यक्ष करून दाखवा. चेंडू टप्पा न पडता समोरच्या काचेवर गेला तर गुण गेला. ४०-४० झालं की सुवर्णगुण, म्हणजे पुढच्या एकाच गुणावर गेम; सर्व्हिस परतवणाऱ्या जोडीने बाजू निवडायची. दोन्ही जोड्यांचा एकेक सेट झाला तर तिसऱ्याऐवजी दहा गुणांचा सुपर टायब्रेक, नाहीतर दीड तासात सामना संपत नाही. विजयाला तीन गुण, सुपर टायब्रेकमध्ये हरल्यास एक. गुण समान झाले तर आधी आपसातला सामना, मग सेटचा फरक, मग गेमचा फरक. हे पहिल्या सामन्याआधी लिहा. नंतर लिहिलेला नियम कुणाच्या तरी बाजूचा वाटतोच.

चेंडू. एका डब्यात तीन, दर सामन्याला नवा डबा. तिसऱ्या क्रमांकाचा सामना धरून एकूण ३२ सामने, म्हणून ३६ डबे. डबा सामन्याच्या वेळीच फोडा, एकदा उघडला की चेंडूतला दाब कमी होत जातो. डबे उन्हात उभ्या गाडीच्या डिकीत ठेवू नका. जाळं दर संध्याकाळी टेपने मोजा: मधोमध ८८ सेंटिमीटर, कडेला ९२. रॅकेटची दोरी मनगटात घातल्याशिवाय कुणालाही कोर्टावर सोडू नका. घामाने सुटलेली रॅकेट जोडीदाराच्या तोंडावर बसते.

बर्फ, क्रेप बँडेज, जवळच्या दवाखान्याचा नंबर. पार्किंग विचारून ठेवा. दिव्यांचे पैसे भाड्यात आहेत की वेगळे, तेही. निरोपांचा ग्रुप वेगळा, गप्पांचा वेगळा. गुणतक्ता त्याच रात्री टाका, आणि त्यात ‘खेळलेले सामने’ हा रकाना सगळ्यात ठळक ठेवा. एखाद्या जोडीचा आकडा मागे पडला की पुढची राखीव तारीख आधी तिची. उपांत्य सातला, मध्ये अर्धा तास विश्रांती, अंतिम नऊला. त्या दिवशी कोर्ट साडेदहापर्यंत घ्या. चषक, फोटो, चहा, कुणालाही सांगा, होऊन जातं.

फक्त अकराच्या अकरा तारखांची पावती हातात आल्याशिवाय चषकाची ऑर्डर देऊ नका.