वजन उतरवायचंय? आधी संध्याकाळ सांभाळा

वजन कमी करायचं ठरवलं की बहुतेक जण सुरुवात सकाळपासून करतात. पाचचा गजर, कोमट पाण्यात मध-लिंबू, तळजाईला एक फेरी, नाश्त्याला ओट्स. मध-लिंबाने चरबी वितळत नाही, ते आधीच सांगून टाकते. पहाटेच्या फेरीबद्दल माझी काही तक्रार नाही, पण आपल्याकडच्या नोकरदार माणसाचं वजन वाढतं ते संध्याकाळी साडेपाच ते रात्री अकराच्या दरम्यान, आणि त्या वेळेकडे कुणी बघतच नाही. हे मी स्वतःसाठी केलं, मग नवऱ्यासाठी, बहिणीसाठी, ऑफिसातल्या कितीतरी जणांबरोबर. दरवेळी गाडी संध्याकाळपाशीच अडली. म्हणून या लेखाचा मोठा भाग संध्याकाळसाठी आहे. बाकीचं पटापट सांगते.

एक गोष्ट आधी. इन्सुलिन किंवा मधुमेहाच्या गोळ्या चालू असतील, मूत्रपिंडाचा त्रास असेल, गरोदर असाल किंवा बाळ अंगावर पीत असेल, तर खाण्याच्या वेळा आणि प्रमाण बदलण्यापूर्वी तुमच्या डॉक्टरांना विचारा. मधुमेहाच्या काही औषधांवर असताना जेवण पुढे-मागे झालं तर साखर धोकादायक खाली जाऊ शकते.

मोजमाप

आठवड्यातून एकदाच वजन करा. ठरलेला वार, सकाळी पोट साफ झाल्यावर, काही खाण्याआधी. रोज काट्यावर उभं राहू नका. आदल्या रात्री मिसळ, पापड, लोणचं झालं असेल तर मिठामुळे अंगात पाणी धरून सकाळी काटा किलोभर वर दिसतो. बायकांना पाळीच्या आधीही तसंच होतं. ती चरबी नसते.

वजनापेक्षा कंबर जास्त खरं बोलते. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या बरोबर मध्ये टेप धरा आणि पोट आत न ओढता मोजा. भारतीय पुरुषांसाठी ९० सेंटीमीटर आणि बायकांसाठी ८० सेंटीमीटर ही मर्यादा धरतात.

लक्ष्य महिन्याला एक ते दोन किलोंचं ठेवा. एक किलो चरबी म्हणजे साधारण ७,७०० कॅलरी. रोज पाचशे कॅलरींची तूट पडली तर आठवड्याला अर्धा किलो जातो, आणि रोज पाचशेची तूट घरचं जेवण जेवूनही साधते. ‘दोन महिन्यांत पंधरा किलो’ असे बोर्ड वाचून पैसे भरू नका. इतक्या झपाट्यात पाणी जातं, स्नायू जातात, आणि पूर्वीसारखं खायला लागलं की वजन परत येतं.

चहातली साखर

दोन चमचे साखरेचा चहा दिवसातून चार वेळा घेतलात तर चाळीस ग्रॅम साखर पोटात जाते. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाने वरून घातलेली साखर शक्यतो पंचवीस ग्रॅमच्या आत ठेवावी असं सांगते. एकदम बंद करू नका. दर दहा दिवसांनी पाव चमचा कमी करा, दोनावरून अर्ध्यावर यायला दोन महिने लागतील आणि जिभेला पत्ताही लागणार नाही. अमृततुल्यमध्ये साखर आधीच उकळलेली असते, तिथे कटिंग घ्या.

संध्याकाळ

आता मुख्य गोष्ट. एका ठरावीक पुणेरी नोकरदाराचा दिवस बघा. दुपारी साडेबाराला डबा, त्यात दोन पोळ्या आणि बटाट्याची किंवा कोबीची भाजी. पाचला चहा, बरोबर दोन बिस्किटं. साडेसहाला हिंजवडीतून किंवा खराडीतून निघायचं आणि सिंहगड रोडला पोचेपर्यंत आठ वाजून जातात. वाटेत बस थांबते तिथे वडापावचा वास येतो. घरात पाय टाकल्यावर कुकर लावेपर्यंत फरसाणाची बरणी उघडते आणि ओट्याशी उभ्यानेच दोन-तीन मुठी जातात. दहाला जेवण, साडेअकराला झोप. सकाळी भूक नसते म्हणून नाश्ता चुकतो. आणि हा माणूस मनापासून सांगतो, ‘मी तर दोनच पोळ्या खातो, तरी वजन उतरत नाही.’

खरंच दोनच पोळ्या खातो. पण एक वडापाव तीनशेच्या आसपास, फरसाणाच्या दोन मुठी आणखी चारशे. जवळजवळ एका पूर्ण जेवणाएवढं खाणं त्याने ताटात न वाढताच खाल्लेलं असतं.

यावर मिळणारा सल्ला ठरलेला: मनावर ताबा ठेवा. हा सल्ला ऐकला की मला चीड येते. साडेबारा ते आठ असं साडेसात तास धड न खाता, दीड तास ट्रॅफिकमध्ये बसून आलेल्या माणसाने बाकरवडीसमोर ताबा ठेवायचा? कुणाला जमत नाही. मलाही फार दिवस जमलं नाही, आणि उपाय सापडला तो रात्री न शोधता दुपारी शोधायला लागल्यावर.

तेव्हा दुपारचा डबा वाढवा. हो, वाढवा. साध्या भाजी-पोळीच्या डब्यात जेमतेम सात-आठ ग्रॅम प्रथिनं असतात, आणि साठ किलोच्या माणसाला दिवसाला पन्नासच्या आसपास लागतात. पोळ्या दोनच ठेवा, पण बरोबर मटकीची किंवा मुगाची घट्ट उसळ, नाहीतर दोन उकडलेली अंडी, नाहीतर पनीर द्या. वर एक वाटी दही आणि काकडी-गाजर. ज्यांनी नुसता एवढा बदल केला त्यांची पाचची कासावीस पहिल्याच आठवड्यात कमी झालेली मी पाहिली आहे. रविवारी मटकी-मूग भिजत घाला, मोड काढून फ्रिजमध्ये ठेवा, तीन-चार दिवस पुरतात.

मग दुसरा डबा. याच्यावर मी अडून बसते. ऑफिसातून निघण्यापूर्वी, साडेपाच-सहाच्या सुमाराला, भूक लागो न लागो, बसून खायचं. मूठभर फुटाणे आणि एक पेरू. किंवा मुगाचं धिरडं गुंडाळी करून. किंवा अर्धं थालीपीठ दह्याबरोबर. फुटाण्यांचा डबा ऑफिसच्या खणात कायमचा ठेवा, रोज घरून न्यायचा म्हटलं की तिसऱ्या दिवशी विसरतो. शेंगदाणे चालतात, पण मोजून, कारण मूठभरात दीडशेच्या वर कॅलरी असतात आणि हात थांबत नाही. डाएट चिवडा, डायजेस्टिव्ह बिस्किटं, ग्रॅनोला बार यांना या डब्यात जागा नाही. पाकिटाची मागची बाजू वाचा, साखर आणि तेल तिथे लिहिलेलं असतं.

ज्यांना घरी पोचायला साडेनऊ होतात त्यांनी संध्याकाळचा हा डबाच जेवणाचा करावा. भाजी-पोळी साडेसातला ऑफिसातच खावी आणि घरी येऊन वाटीभर वरण किंवा ताक-भाकरीचा चतकोर एवढंच घ्यावं. घरच्यांबरोबर ताटावर बसता येतं, आणि दहा वाजता पूर्ण जेवण होत नाही.

घरात शिरल्यानंतरची वीस मिनिटं सर्वांत निसरडी. त्यासाठी तीन गोष्टी कराच. फरसाण, शेव, बाकरवडी हे ओट्यावरून आणि नजरेच्या पातळीवरच्या फळीवरून हलवा. माळ्यावर ठेवा, स्टीलच्या डब्यात ठेवा, आणि किलोने आणायचं बंद करा. खायचं असेल तेव्हा शंभर ग्रॅम आणा, बशीत काढा, सगळ्यांनी वाटून बसून खा. दुसरं, कणीक सकाळीच मळून ठेवा आणि भाजी आदल्या रात्री चिरून ठेवा, म्हणजे आल्यावर अर्ध्या तासात ताट वाढता येतं. तिसरं, आल्याआल्या हात-पाय धुवून मोठा पेला ताक प्या आणि स्वयंपाक होईपर्यंत तोंडात काही टाकायचंच असेल तर काकडी टाका.

जेवणाची वेळ एकदम दहावरून आठवर आणू नका, घरात भांडणं होतील. दर आठवड्याला पंधरा मिनिटं अलीकडे घ्या. दीड-दोन महिन्यांत साडेआठला पोचाल. मुलांचे क्लास, सासूबाईंची मालिका, सगळं त्या वेगाने सरकतं.

आणि रात्रीचं जेवण सोडू नका. ‘रात्री नुसतं सूप’ हा प्रयोग मी अनेकांचा बघितला आहे. साडेअकराला फ्रिज उघडतो आणि उरलेला शिरा संपतो. पोळी, भात, भाकरी यांना हद्दपार करायचीही गरज नाही. ताटात आधी कोशिंबीर आणि भाजी वाढा, मग वरण किंवा उसळ, आणि शेवटी जागा उरेल तेवढी पोळी किंवा भात. दोन्ही हवे असतील तर एक पोळी आणि लहान मूद. एवढं पुरतं.

हे सगळं बसायला वेळ लागतो. ‘एकवीस दिवसांत सवय लागते’ हे साफ खोटं आहे. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या संशोधकांनी २०१० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले, आणि माणसागणिक हा आकडा १८ पासून २५४ पर्यंत होता. त्याच अभ्यासात असंही दिसलं की एखादा दिवस चुकला म्हणून सवय मोडत नाही. तेव्हा बाविसाव्या दिवशी वडापाव खाल्लात तर ‘आता सगळंच गेलं’ म्हणून सोमवारची वाट बघू नका. त्याच रात्री नेहमीचं जेवा.

संध्याकाळ नीट बसेपर्यंत खालच्या पायऱ्यांना हात लावू नका. चहाची साखर तेवढी शेजारी चालू द्या.

तेल

माणशी महिन्याला अर्धा लीटर. चार जणांना दोन लीटर. पिशवी फोडाल त्या दिवसाची तारीख कागदावर लिहून डब्याला चिकटवा, किती लवकर संपतं ते बघा. फोडणी पळीने ओतू नका, चमच्याने मोजून घाला. मोठ्या चमचाभर तेलात सव्वाशेच्या आसपास कॅलरी असतात. एअर फ्रायर घ्यायलाच हवा असं नाही.

चालणं

रात्री जेवल्यावर दहा-पंधरा मिनिटं सोसायटीच्या आवारात फिरा. जेवणानंतरच्या चालण्याने रक्तातली साखर कमी चढते. इथूनच सुरुवात करा, बूट विकत घेण्यापासून नको. पुढे आठवड्याला १५० मिनिटं भरभर चालण्यापर्यंत जा. दहा हजार पावलांचा आकडा जपानमध्ये १९६५ च्या सुमाराला पावलं मोजणाऱ्या एका यंत्राच्या जाहिरातीतून आला, त्याच्यामागे धावण्याचं कारण नाही. आठवड्यातून दोनदा उठाबशा, भिंतीला टेकून जोर आणि सूर्यनमस्कार, म्हणजे स्नायू टिकतात. गुडघे दुखत असतील तर उठाबशा खुर्चीवरून करा.

पर्वती, वेताळ टेकडी, हनुमान टेकडी सुट्टीच्या दिवशी जरूर चढा. सिंहगडही चढा. फक्त वर पोचल्यावर कांदाभजीच्या दोन प्लेट, पिठलं-भाकरी आणि मडक्यातलं दही असं सगळं एका बैठकीत खाल्लं तर चढून जाळलेलं सगळं तिथेच भरून निघतं. पिठलं-भाकरी खा, ते चांगलं जेवण आहे. भजी चौघांत एक प्लेट.

आग्रह आणि सणवार

‘मी डाएटवर आहे’ असं घरात किंवा पंगतीत जाहीर करू नका. जाहीर केलं की प्रत्येकाला सल्ला द्यायचा असतो आणि आग्रह दुप्पट होतो. त्यापेक्षा पहिल्यांदाच कमी वाढून घ्या. एक पोळी, अर्धी वाटी भाजी. मग काकू ‘अगं, एवढंच? घे अजून एक’ म्हणाल्या की आनंदाने घ्या. त्यांचं मन राहतं आणि तुमचा हिशेबही बिघडत नाही.

उपवासाने वजन उतरत नाही, निदान साबुदाण्याच्या उपवासाने तर नाहीच. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ स्टार्च, त्यात दाण्याचं कूट आणि तूप. एकादशी करायची तर वरीचे तांदूळ, ताक, रताळं, फळं यांवर करा.

गणपती ते दिवाळी या काळात वजन कमी करण्याचा हट्ट सोडा. आहे तेवढं राखलं तरी ते यश धरा. उकडीचे मोदक खा, पण त्या दिवशी भात नको.

काटा अडला तर

दोन-तीन महिन्यांनी वजन थबकतं. ते नेहमीचंच आहे, शरीर हलकं झालं की त्याची गरजही कमी होते. अशा वेळी जेवण आणखी कापायला जाऊ नका. आधी कंबर मोजा, ती उतरत असेल तर काहीच बदलू नका. ती पण अडली असेल तर तेलाच्या डब्यावरची तारीख बघा, फरसाण पुन्हा ओट्यावर आलंय का बघा, दुसरा डबा खाल्ला जातोय की तसाच परत येतोय ते बघा. झोप सहा तासांच्या खाली गेली असेल तर भूक वाढते, तीही तपासा. बहुतेक वेळा यातलंच काहीतरी निघतं.

सगळं जागेवर असूनही सहा आठवडे काटा आणि टेप दोन्ही हलले नाहीत, किंवा थकवा, केस गळणं, पाळी अनियमित होणं असं काही बरोबर दिसत असेल, तर थायरॉइड आणि साखर तपासून घ्या. आणि काही न करता वजन आपोआप भराभर उतरायला लागलं, तर खूश न होता त्याच आठवड्यात डॉक्टरांकडे जा.