सिंकखालची गुडगुड
सिंक रिकामं होताना शेवटी गुडगुड आवाज आणि मागोमाग गटाराचा वास येतो? म्हणजे ट्रॅपमधलं (सिंकखालच्या, पाणी धरून ठेवणाऱ्या भागातलं) पाणी खेचलं जातंय. वास अडवतं ते हेच पाणी. ते निदान 50 मिमी उभं राहायला हवं. आमच्या कोथरूडच्या फ्लॅटमध्ये प्लंबरने लोंबता वेस्ट पाइप थेट भिंतीत खुपसला होता, ट्रॅप नावालाही नाही! बॉटल ट्रॅप बसवा. पुढच्या पीव्हीसी पाइपला मीटरमागे साधारण 2 सेंमी उतार द्या, मध्ये झोळ नको. तरीही गुडगुडलं तर गच्चीवर जा. व्हेंट पाइपचं, म्हणजे सांडपाण्याच्या पाइपात हवा येऊ देणाऱ्या उभ्या पाइपचं, तोंड बऱ्याचदा कबुतरांच्या काड्यांनी बुजलेलं असतं, नाहीतर वॉटरप्रूफिंगवाल्याने बांधलेली प्लॅस्टिकची पिशवी तशीच राहिलेली असते.