इस्त्रियातील शेतघरात निवांत मुक्काम कसा आखावा

क्रोएशियाच्या इस्त्रिया द्वीपकल्पात अनेक शेतकरी कुटुंबे आपल्या घरी पाहुण्यांची राहण्याजेवणाची सोय करतात. हा देश १ जानेवारी २०२३ पासून शेंगेन क्षेत्रात, म्हणजे आपसांतील सीमांवर नेहमीची पारपत्र तपासणी नसलेल्या युरोपीय देशांच्या गटात, असल्यामुळे भारतीय पारपत्रधारकांनी शेंगेन व्हिसा घ्यावा.

मुक्काम शक्यतो मोतोवुनच्या आसपास ठेवावा, कारण टेकडीवरील या तटबंदीच्या गावाखाली, मिर्ना नदीच्या खोऱ्यात, ओकचे जंगल आहे आणि शरद ऋतूत तेथे पांढऱ्या ट्रफलचा, म्हणजे जमिनीखाली वाढणाऱ्या सुगंधी बुरशीचा, शोध शिकवलेल्या कुत्र्यांच्या मदतीने घेतला जातो. अशा फेरीबद्दल यजमानांकडे आधीच चौकशी करावी.

पायी किंवा सायकलने भटकण्यासाठी 'पारेन्झाना'सारखी दुसरी वाट नाही. १९०२ ते १९३५ या काळात त्रिएस्ते ते पोरेच धावणाऱ्या अरुंद रुळांच्या रेल्वेचा हा जुना मार्ग द्राक्षमळ्यांमधून जातो. वाटेत बोगदे लागत असल्यामुळे विजेरी जवळ ठेवावी आणि संपूर्ण मार्गाचा हव्यास न धरता एखादाच टप्पा सावकाश करावा.

शाकाहारी पाहुण्यांनी आरक्षण करतानाच तसे स्पष्ट कळवावे, कारण 'मानेश्त्रा' या कडधान्ये व भाज्यांच्या दाट सारातही बहुधा डुकराचे मांस घातलेले असते.