खोट टांकसाळीतली की वाटेतली?

बेळगावच्या उद्यमबागेत एकतीस वर्षं लेथवर उभा राहिलो. त्यामुळे नाणं हातात आलं की मी आधी धातू कुठून कुठं सरकलाय ते बघतो. गल्लीतली पोरं "काका, हे एरर हाय काय बघा की" म्हणत येतात. एरर म्हणजे टांकसाळीतच चुकीचं निघालेलं नाणं. बहुतेक नाणी नुसती मार खाल्लेली असतात. टिळकवाडीच्या गेटाजवळ रुळावर ठेवून चपटं केलेलं नाणं तर मी लांबूनच ओळखतो.

टांकसाळीत पत्र्यातून कोरी चकती कापतात, तिचा काठ दाबून उचलतात आणि मग कॉलरमध्ये, म्हणजे काठाभोवतीच्या कड्यात, बसवून दोन डायांमध्ये, म्हणजे छापाच्या ठशांमध्ये, ठोकतात. दोष यातल्या कुठल्या पायरीवर आला ते सांगता आलं पाहिजे. नाही आलं, तर ते नाणं चहाला वापरा.

रेघ दिसली तर भिंग घ्या, नाहीतर नख फिरवा. उठलेली रेघ म्हणजे डायला तडा होता आणि धातू त्यात शिरला. खोल रेघ आणि दोन्ही कडांना बर, म्हणजे वर उठलेली धातूची बारीक धार, असेल तर तो ओरखडा.

चावा घेतलेल्या, म्हणजे काठाचा तुकडा नसलेल्या, नाण्यात लोक जास्त फसतात. माझ्याकडे रुपयाची अशी दोन नाणी आहेत. दोन्हींचं वजन कमी भरतं, म्हणजे काटा इथं कामाचा नाही. पहिल्यात चकती कापणारा पंच आधीच कापलेल्या भोकावर पडला, म्हणून चकतीच चंद्रकोरीसारखी खाल्लेली निघाली. काठ उचलताना त्या जागी धातू नव्हता, म्हणून समोरच्या बाजूलाही दाब बसला नाही. चाव्याच्या बरोबर समोरचा काठ पुसट आहे, आणि चाव्याजवळची अक्षरं रिकाम्या जागेकडे ओघळल्यासारखी दिसतात. दुसऱ्याचा समोरचा काठ ठणठणीत, अक्षर मधेच कापलेलं, आणि कापलेल्या कडेवर कानशीचे बारीक पट्टे. कानस मी आयुष्यभर चालवली, ते पट्टे मला कोण शिकवणार?

तरीही लाखीत मी आठशे रुपये घालवले. आधीचं नाणं डायला चिकटून राहिलं की पुढच्या चकतीवर एका बाजूला नेहमीचा छाप पडतो, दुसऱ्या बाजूला तोच छाप उलटा आणि खोलगट. तिला लाखी म्हणतात. मला मिळालं ते अ‍ॅल्युमिनियमचं वीस पैशांचं, 2011 च्या 30 जूनपासून चलनातून गेलेलं. सिंह उलटे, खोल, झकास. घरी तिरप्या उजेडात धरलं तर सिंहांच्या खाली दबलेला 20 चा आकडा दिसला. दोन नाणी व्हाइसमध्ये, म्हणजे शिकंज्यात, दाबली होती! खऱ्या लाखीत त्या बाजूला आकडा कधी पडलेलाच नसतो, मग खाली उरणार कुठून?

झिजून पातळ झालेलं नाणं शहापुरातल्या सोनाराच्या काट्यावर टाका. 2011 च्या मालिकेत रुपया 3.79 ग्रॅम, दोन रुपये 4.85 आणि पाच रुपये 6 ग्रॅम. वजन कमी आणि सगळी अक्षरं सारखीच विरघळलेली असतील तर ॲसिड. तांबूस रुपया आला तर चुंबक लावा. चिकटला म्हणजे आत स्टीलच आहे, वर नुसता मुलामा.

दहाच्या नाण्यात मधली चकती आणि बाहेरची कडी एकाच ठोक्यात जुळतात. म्हणून चकती सरकलेली असली तरी छापाची रेघ सांध्यावरून सलग जायला हवी. रेघ सांध्यावर तुटली की कुणीतरी चकती ठोकून काढून परत बसवली.

आणि चिंच लावून घासू नका. कानशीचे पट्टे आणि बर त्यात पुसट होतात, मग मलाही सांगता येत नाही.